हरणाच्या शिकारीसाठी अंतर मोजणारी दुर्बीण कशी निवडावी

कोलोरॅडोच्या पश्चिम उतारावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात म्यूल डिअरच्या (पश्चिम अमेरिकेतलं मोठ्या कानांचं हरीण) मागे जाणाऱ्या शिकाऱ्याचा दिवस चालण्यापेक्षा बसण्यात जास्त जातो. पहाटे एखाद्या धारेवर चढायचं, पाठ टेकायची आणि समोरचा उतार झुडूप-झुडूप करत दुर्बिणीतून न्याहाळायचा. नर दिसला की पुढचा प्रश्न एकच असतो: किती लांब? सेजब्रश या करड्या, बुटक्या झुडपाच्या उघड्या माळावर या प्रश्नाचं उत्तर नुसत्या डोळ्याला देता येत नाही. ओळखीच्या उंचीचं झाड नाही, घर नाही, हवा विरळ आणि स्वच्छ. मध्ये एखादी घळ आली तर पलीकडचं जनावर आहे त्यापेक्षा जवळ भासतं.

चूक किती महागात पडते ते आकड्यांत बघा. ६.५ क्रीडमूर या रायफलच्या काडतुसाची नेहमीची शिकारी गोळी २०० यार्डांवर झिरो केलेली असेल, म्हणजे नेम तिथे बरोबर लागेल असा लावलेला असेल, तर ३०० यार्डांवर ती साधारण ७ इंच खाली येते, ४०० वर २१ इंचांच्या आसपास आणि ५०० वर ४० इंचांच्याही पुढे. हरणाच्या हृदय-फुफ्फुसांचा भाग जेमतेम आठ ते दहा इंचांचा. म्हणजे ४०० यार्डांवरचं जनावर ३०० वर आहे असं समजून घोडा ओढला, तर गोळी पोटाखालून जाईल किंवा पाय मोडेल. पाय मोडलेलं हरीण दरीत उतरून जातं आणि बहुतेक वेळा सापडत नाही. एवढ्या एका कारणासाठी मी अंतर मोजण्याच्या बाजूने आहे. यंत्राने दाखवलेला आकडा बघून गोळी न झाडण्याचा निर्णय घेता आला, तरी त्याचे पैसे वसूल झाले असं मी मानतो.

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या, रीतसर परवाना काढून शिकारीला जाणाऱ्या किंवा जाऊ पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने हरणांची शिकार बंद आहे आणि ती बंदच राहायला हवी. तिथल्या वाचकांना याच यंत्राचा वेगळा उपयोग आहे, त्याबद्दल पुढे एक परिच्छेद येईल.

आधी ठरवा: तुम्हाला ती लागते का?

अंतर मोजणारी दुर्बीण म्हणजे एकाच अंगात दोन यंत्रं: बघायची दुर्बीण आणि लेझर रेंजफाइंडर. नागरी बाजारात असं पहिलं यंत्र लायकाने १९९२ मध्ये ‘जिओविड’ या नावाने आणलं. आज स्वारोव्स्की, झाइस, व्होर्टेक्स, सिग सावर, मेव्हन अशा बऱ्याच कंपन्यांची मॉडेल्स मिळतात. किंमत मात्र अजूनही साध्या दुर्बिणीच्या कितीतरी पट आहे.

पेनसिल्व्हेनिया किंवा मिशिगनच्या दाट जंगलात झाडावरच्या मचाणातून व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीचं हरीण) मारणार असाल, तर समोरची मोकळी जागाच शंभर यार्डांची नसते. तिथे चांगली ८×४२ दुर्बीण घ्या आणि मचाणावर बसताच सुटा, खिशात मावणारा रेंजफाइंडर काढून आसपासची चार-पाच झाडं मोजून ठेवा. धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांनाही सुटा रेंजफाइंडरच सोयीचा. एका हाताने चालतो आणि हालचाल कमी होते. त्यांनी कमीत कमी किती अंतर मोजता येतं हेही तपासावं, कारण काही यंत्रं दहा यार्डांच्या आत आकडाच देत नाहीत.

कोलोरॅडो, वायोमिंग, युटा, माँटाना असा उघडा पश्चिम मुलूख असेल, तर जोडयंत्राचा खरा फायदा कळतो. जनावर दुर्बिणीत सापडलेलं असतं. दुर्बीण खाली ठेवून रेंजफाइंडर काढला, की झुडपांच्या गर्दीत तेच जनावर सहा पटीच्या लहानशा नळीतून पुन्हा शोधावं लागतं. उभं असलेलं हरीण ओळखणं एक वेळ सोपं. बसलेल्या हरणाचं फक्त कानाचं टोक दिसत असतं, आणि ते एकदा हरवलं की हरवलंच. जोडयंत्रात नजर हलत नाही, बोट तेवढं हलतं.

काच आधी, लेझर नंतर

दुकानात गेल्यावर विक्रेता पहिल्यांदा लेझरचा पल्ला सांगेल. त्याचं ऐकून घ्या आणि काच बघायला लागा. दिवसभरात लेझरचं बटण तुम्ही मोजक्या वेळा दाबाल. काचेतून मात्र तासन् तास बघाल. काच हलक्या प्रतीची असेल तर दुपारपर्यंत डोकं दुखायला लागतं, माणूस दुर्बीण खाली ठेवतो, आणि न बघितलेल्या उतारावरच्या हरणाचं अंतर कुठलाही लेझर सांगू शकत नाही.

दुर्बिणीवरच्या १०×४२ या खुणेतला पहिला आकडा मोठेपणाचा, म्हणजे चित्र किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा व्यास मिळतो: १०×४२ ला ४.२ मिमी, ८×४२ ला ५.२५ मिमी. अंधारात तरुण माणसाची बाहुली सातेक मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीच्या पुढे पाचच्या आसपास. हरणं उजाडताना आणि मावळताना चरायला निघतात, आणि कोलोरॅडोत मोठ्या जनावरांची शिकार सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत चालते. तो शेवटचा अर्धा तासच दुर्बिणीची परीक्षा घेतो. उघड्या मुलुखात तरीही मी १०×४२ च घ्यायला सांगेन, कारण लांबच्या झुडपातली शिंगं मोजायला मोठेपणा लागतो. हात कापत असेल, झाडी जास्त असेल किंवा सोबत मोठी स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची जास्त पटीची दुर्बीण) असेल, तर ८×४२. पंधरा पटीची दुर्बीण ट्रायपॉडशिवाय निरुपयोगी.

शिंगं नीट दिसणं ही हौस नव्हे, कायद्याची गरज आहे. कोलोरॅडोत नराच्या परवान्यावर मारायच्या हरणाचं शिंग किमान पाच इंचांचं असावं लागतं. मादीचा परवाना असेल तर ते जनावर मादीच आहे याची खात्री हवी. चारशे यार्डांवरून, सावलीत, ही खात्री काचच देते.

जोडयंत्राच्या काचेत एक खास खोड असते. आकडे दाखवण्यासाठी आत अर्धपारदर्शक आरशासारखा थर बसवावा लागतो, त्यामुळे थोडा प्रकाश खर्च होतो आणि चित्राला निळसर किंवा पिवळसर छटा येते. महागड्या यंत्रांत ती जवळजवळ कळत नाही, स्वस्तात स्पष्ट दिसते. तपासायची पद्धत सोपी आहे. एखादी पांढरी भिंत दुर्बिणीतून बघा, एकदा डावा डोळा मिटून, एकदा उजवा. दोन्ही नळ्यांचा पांढरा सारखा हवा. नंतर भर उन्हात उभ्या काळ्या खांबाची कड बघा; कडेला जांभळी-हिरवी झालर दिसत असेल तर ती काच संध्याकाळी आणखी दगा देईल.

चष्मेवाल्यांनी नेत्रिकेपासून, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगापासून, डोळा किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते बघावं. माहितीपत्रकात हे अंतर १६ मिमीपेक्षा कमी लिहिलं असेल, तर चष्मा लावून चित्राच्या कडा कापल्या जातील.

लेझरचा पल्ला वाचायचा कसा

यंत्र अदृश्य अवरक्त प्रकाशाचे सूक्ष्म ठोके सोडतं, ते समोर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतं आणि त्यावरून अंतर काढतं. एक यार्ड जाऊन परत यायला प्रकाशाला सुमारे ६ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे एका यार्डाची अचूकता हवी तर एवढा बारीक वेळ पकडावा लागतो. त्या मानाने आजची यंत्रं थक्क करण्याइतकी चांगली आहेत.

खोक्यावर लिहिलेला पल्ला चकाकणाऱ्या पाटीसाठी असतो. नावातच ‘५०००’ असलेली मॉडेल्स आहेत, पण हरणाचं कातडं पाटीसारखं चकाकत नाही. ते प्रकाश शोषतं आणि विखुरतं. हरणावरचा पल्ला चकाकत्या वस्तूवरच्या पल्ल्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा किंवा त्याहूनही कमी धरा, आणि भर उन्हात आणखी कमी. चांगल्या कंपन्या माहितीपत्रकात पाटी, झाड आणि हरीण असे तीन वेगळे आकडे देतात. हरणाचा आकडा दिलाच नसेल तर ते यंत्र बाजूला ठेवा. साध्या शिकाऱ्याला हरणावर खात्रीचे ८०० यार्ड पुरून उरतात. गोळी त्याच्या निम्म्या अंतरावरूनही झाडायची नसते. जास्तीचा पल्ला धुक्यात, उन्हात आणि थरथरत्या हातात आकडा मिळावा यासाठी लागतो.

पल्ल्यापेक्षा मी झोताच्या रुंदीकडे जास्त बघतो. लेझर सरळ रेघेत जात नाही, पुढे जाताना पसरतो. ही पसरण मिलिरेडियनमध्ये लिहितात. एक मिलिरेडियन म्हणजे हजार यार्डांवर एक यार्ड, ४०० यार्डांवर सुमारे १४ इंच. झोत दोन मिलिरेडियन रुंद असेल तर ४०० यार्डांवर त्याचा ठसा २८-२९ इंचांचा पडतो, आणि हरणाची छाती वरपासून खालपर्यंत दीड फुटाच्या आसपास असते. उरलेला प्रकाश पुढच्या गवतावर किंवा मागच्या उतारावर पडतो आणि आकडा भलत्याच वस्तूचा येतो. बारीक झोत चांगला, पण फार बारीक झोत हातातून स्थिर धरणं कठीण, तेव्हा कुठेतरी टेकूनच मोजायची सवय लावा.

झोताचा ठसा बहुतेक यंत्रांत गोल नसतो, आयताकृती असतो. काहींत आडवा, काहींत उभा. शिवाय नेत्रिकेत दिसणारं वर्तुळ आणि खरा झोत नेहमी एकावर एक बसतातच असं नाही. ही गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही, ती स्वतःच शोधावी लागते. मागे फक्त आकाश असलेला विजेचा खांब निवडा, दीडशे-दोनशे यार्डांवरचा. यंत्र सतत मोजण्याच्या स्थितीत ठेवून वर्तुळ डावीकडून हळूहळू खांबाकडे आणा आणि आकडा कुठे उमटतो ते बघा. मग उजवीकडून तसंच करा. नंतर एखाद्या छपराच्या कडेवर खालीवर करून बघा. आकडा वर्तुळाच्या डाव्या कडेलाच येत असेल, तर तुमच्या यंत्राचा झोत डावीकडे आहे हे लक्षात ठेवा. फरक फार असेल तर यंत्र परत करा.

आणखी दोन सोयी हव्यातच. एक म्हणजे बटण दाबून ठेवलं की आकडा सतत बदलत राहणं. त्यामुळे हरीण, त्याच्या पुढचं झुडूप आणि मागचा खडक असे तीन आकडे घेऊन मधला कुठला हे ठरवता येतं. दुसरी म्हणजे जवळची वस्तू धरायची की लांबची हे निवडता येणं. गवताच्या पात्यांआडून बघत असाल तर लांबची. हरीण मोकळ्या उतारावर उभं असेल आणि मागे डोंगर असेल तर जवळची. बर्फ पडत असेल किंवा धुकं असेल तर लेझर समोरच्या थेंबांवरच आपटून खोटे, फार कमी आकडे देतो. तेव्हाही लांबची निवडा, आणि आकडे एकमेकांशी जुळत नसतील तर त्यांच्यावर विसंबू नका.

भारतातल्या वाचकांसाठी सांगायचं ते इथेच. पेंच किंवा ताडोबासारख्या जंगलांत ठरलेल्या सरळ रेषेवर चालून चितळ-सांबरांची घनता काढतात, तेव्हा कळप दिसताच रेंजफाइंडरने त्याचं अंतर आणि होकायंत्राने रेषेशी होणारा कोन नोंदवतात. अंतर गुणिले कोनाचा साइन केलं की रेषेपासून कळप किती लंब अंतरावर होता ते मिळतं, आणि सगळा हिशेब त्यावर उभा राहतो. पानगळीच्या जंगलात फांद्या मध्ये येतात, त्यामुळे तिथेही अरुंद झोत आणि ‘लांबची वस्तू’ ही सोय हीच दोन कलमं आधी तपासावीत. गोळीचा हिशेब करणाऱ्या महाग मॉडेलची त्यांना गरज नाही. पन्नास-शंभर मीटरच्या कामाला सुटं यंत्र आणि चांगली ८×४२ पुरते.

आकडा कसा दिसतो

काळ्या अक्षरांचा एलसीडी दिवसा छान दिसतो, पण संधिप्रकाशात काळ्या झाडीवर काळे आकडे नाहीसे होतात. शिकारीसाठी लाल प्रकाशाचे आकडे घ्या आणि उजेड अगदी मंद करता येतो का ते अंधाऱ्या खोलीत तपासा. सगळ्यात मंद पायरीसुद्धा झगझगीत असेल, तर आकडा वाचताच हरीण दिसेनासं होईल. लाल-हिरवा ओळखायला ज्यांना अडचण येते त्यांनी लाल आकडे सेजब्रशच्या पार्श्वभूमीवर स्वतः वाचून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

चढ-उताराचा कोन आणि गोळीचा हिशेब

चढावर गोळी जास्त पडते असं पुष्कळांना वाटतं. वर झाडा किंवा खाली, तिरप्या अंतराच्या मानाने ती कमीच पडते, कारण गुरुत्वाकर्षणाचा हिशेब आडव्या अंतरावर चालतो. तिरपं अंतर गुणिले कोनाचा कोसाइन हे बरंच जवळचं उत्तर. ४०० यार्ड, ३० अंश म्हणजे नेम ३४६ यार्डांचा घ्यायचा. ४०० चा घेतलात तर गोळी सात-आठ इंच वर जाईल. १५ अंशांना तेच ४०० यार्ड ३८६ होतात, फरक थोडा. कोन धरून अंतर देण्याची सोय आता जवळजवळ सगळ्या यंत्रांत असते. सूचनापुस्तिकेतून एकच खात्री करा: दिसणारा आकडा तिरपा आहे की सुधारलेला. दोन्ही एकदम दाखवणारं यंत्र उत्तम.

त्यापुढची पायरी म्हणजे दुर्बिणीतच गोळीचा पूर्ण हिशेब. मोबाइलवरून बंदुकीची माहिती भरायची, यंत्र तापमान आणि हवेचा दाब स्वतः मोजतं आणि बंदुकीवरच्या स्कोपची नेम लावायची खुंटी किती क्लिक (खाचा) फिरवायची ते सांगतं. ही सोय खोटी नाही. समुद्रसपाटीवर झिरो केलेली बंदूक घेऊन तुम्ही नऊ हजार फुटांवर गेलात तर विरळ हवेत गोळी कमी पडते, आणि यंत्र ते धरतं. पण त्यात भरलेला गोळीचा वेग खोक्यावरून उतरवला असेल तर सगळं उत्तर तेवढंच अंदाजी. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) तुमच्याच नळीतून वेग मोजा आणि मग रेंजवर ३००, ४०० यार्डांना कागदावर पडताळा. लेझर वारा मोजत नाही हेही ध्यानात ठेवा: ताशी १० मैलांचा आडवा वारा ४०० यार्डांवर त्याच क्रीडमूरच्या गोळीला आठ ते दहा इंच ढकलतो. ३०० यार्डांच्या पुढे झाडायचंच नाही असं ज्यांनी ठरवलंय, त्यांनी हिशेबवालं मॉडेल घेऊ नये. तेच पैसे काचेत घालावेत.

एक लहान पण धोक्याची बाब. यंत्र मीटर आणि यार्ड दोन्हींत चालतं. ४०० मीटर म्हणजे ४३७ यार्ड. आपण मीटरमध्ये विचार करणारी माणसं. गोळीची तक्ती यार्डांची असते. सुरुवातीलाच यार्ड लावा आणि बॅटरी बदलल्यावर पुन्हा बघा.

वजन, पट्टा, बॅटरी

ही यंत्रं बहुधा ९०० ग्रॅम ते एक किलोच्या घरात असतात. गळ्यातल्या पट्ट्याने मान अवघडते, म्हणून छातीवरचा हार्नेस घ्या. कोलोरॅडोत रायफलच्या हंगामात कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच चमकदार नारिंगी किंवा गुलाबी कापड आणि त्याच रंगाची टोपी सक्तीची आहे. हार्नेसची पिशवी छातीवरचं बरंच कापड झाकते, म्हणून त्या रंगाची बंडी मोठी घ्या किंवा पिशवीच नारिंगी निवडा. बॅटरी बहुतेकांत सीआर२ असते. थंडीत ती लवकर बसते. एक जादा बॅटरी आतल्या, अंगाच्या उबेतल्या खिशात ठेवा. खाली ट्रायपॉडची आटेदार जागा आहे का ते बघा. काही यंत्रांना वेगळी पट्टी विकत घ्यावी लागते, आणि ट्रायपॉडवर लावलेली १०×४२ हातातल्या महागड्या दुर्बिणीपेक्षा जास्त हरणं दाखवते.

पैसे

बरीशी जोडयंत्रं हजार-बाराशे डॉलरच्या आसपास सुरू होतात, युरोपीय यंत्रं तीन हजारांच्या वर जातात. खिशात एकूण आठशे डॉलर असतील तर जोडयंत्राचा मोह टाळा: पाचशेची चांगली दुर्बीण आणि तीनशेचा सुटा रेंजफाइंडर ही जोडी आठशेच्या जोडयंत्राला काचेत सहज मागे टाकेल. दोन हजारांच्या आसपास मात्र जोडयंत्राची काच विश्वासाची होते. तीन हजारांवर मिळणारा फरक त्या शेवटच्या अर्ध्या तासात दिसतो. वर्षाला एकच आठवडा जाणाऱ्याने तो घ्यायलाच हवा असं मी म्हणणार नाही. हमीपत्र नीट वाचा. बऱ्याच कंपन्या काचेला लांब मुदत देतात आणि इलेक्ट्रॉनिक्सला लहान. जुनं यंत्र घेताना हमी दुसऱ्या मालकाला लागू होते का ते लेखी विचारा.

घरी आणल्यावर, परतीची मुदत संपायच्या आत

आधी आकडे स्पष्ट करा, मग चित्र. या दुर्बिणींना बहुधा दोन्ही नेत्रिकांवर डायॉप्टरची, म्हणजे त्या एका डोळ्यापुरतं चित्र स्पष्ट करणारी, कडी असते. ज्या नळीत आकडे दिसतात त्या डोळ्याची कडी फिरवून आकडे धारदार करून घ्या. तोच डोळा उघडा ठेवून मधल्या चाकाने लांबची पाटी स्पष्ट करा. शेवटी तो डोळा मिटून, चाकाला हात न लावता, दुसऱ्या नळीची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. दोन्ही कड्यांच्या खुणा कुठे आल्या ते लिहून ठेवा. हार्नेसमधून काढताना त्या सरकतात.

नंतर लांबी माहीत असलेली जागा शोधा. शूटिंग रेंजवरचे १००, २००, ३०० यार्डांचे फलक सगळ्यात सोयीचे. प्रत्येकावर सलग दहा वेळा मोजा. एका यार्डापेक्षा जास्त फरक पडत असेल तर विक्रेत्याला विचारा. वर सांगितलेली खांबाची चाचणी करा. मग सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी गावाबाहेर जाऊन काळ्या गाई, वाळलेलं गवत, ओल्या झाडाचं खोड यांच्यावर बटण दाबून बघा, कारण शिकारीत समोर येणारे पृष्ठभाग असेच मंद असतात. त्याच वेळी शेजारी मित्राची साधी १०×४२ धरून झुडपाखालच्या सावलीत कोणात जास्त तपशील दिसतो ते पडताळा. तुमच्या यंत्रात आधी अंधार झाला, तर लेझर कितीही चांगला असला तरी खोकं बांधून परत पाठवा.

निघण्यापूर्वी ज्या राज्यात जाणार तिथल्या वन्यजीव विभागाचं त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचा. बंदुकीला जोडलेल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांवर काही राज्यांत बंधनं आहेत आणि नियम दरवर्षी बदलू शकतात. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कोलोरॅडोत शिकारीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं; त्या वर्गाला यंत्र बरोबर नेता आलं तर न्या आणि शिक्षकांना तुमच्या समोरच्या उतारावर ते वापरून दाखवायला सांगा.